चौदा कामं आणि आक्काची मोटार

यादीत चौदा कामं होती आणि चौदावं काम उंदरांचं होतं. उंदरांनी गाडीच्या वायरी कुरतडू नयेत म्हणून मारायचा फवारा. त्याच्या वर, तेराव्या नंबरला, बॅटरी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात बॅटरी तेरावी होती या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. ती तिसऱ्या-चौथ्या नंबरला असती तर माझं तिच्याकडं लक्ष गेलं असतं. तेराव्या नंबरापर्यंत पोचेतो माणूस थकलेला असतो, त्यात पुढं उंदीर दिसला की त्याला हसू येतं, आणि हसणाऱ्या माणसाच्या हातून निर्णय नीट होत नाहीत.

यादी गजाननने केली होती. गजानन माझा विद्यार्थी. जालन्यात कॉलेजवर मराठी शिकवताना माझी सव्वीस वर्षं गेली. औरंगाबाद रोडवर गाड्यांचं नवं सर्व्हिस सेंटर निघालं, तिथं काचेच्या टेबलामागं टाय लावून तो बसलेला दिसला आणि मला बरं वाटलं. तिथंच चुकलं. अनोळखी माणसाला नाही म्हणता येतं. ज्याच्या निबंधावर आपण लाल शाईनं 'विषय भरकटला आहे' असं लिहिलेलं असतं, तोच उठून खुर्ची देतो तेव्हा नाही म्हणताना जीभ अडते.

"सर, बाकीच्यांना मी बावीस कामं सांगतो," तो म्हणाला. "तुम्हाला चौदाच लिहिलीत."

मी यादी वाचली. इंजिन फ्लशिंग, डीकार्ब, व्हील अलाइनमेंट, व्हील बॅलन्सिंग. या शेवटच्या दोघांत फरक काय, असं विचारायचं फार मनात आलं, पण माझ्याच विद्यार्थ्यापुढं ते जमेना. पाचव्या नंबरला एसी जंतुमुक्त करणे. माझ्या गाडीला एसी नाही. ती अंबडच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली, चार वर्षांची, पांढरी, साधी गाडी. मी तसं म्हणालो. गजाननने कॉम्प्युटरकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, पुन्हा कॉम्प्युटरकडं पाहिलं, आणि दोघांपैकी कोण खोटं बोलतंय हे ठरवायला त्याला थोडा वेळ लागला. मग म्हणाला, ते राहू द्या सर. मला इतका मोठा विजय मिळाल्यासारखं वाटलं की उरलेल्या तेरा कामांकडं मी जिंकलेल्या माणसाच्या उदारपणानं बघू लागलो.

आता एवढी यादी करून घ्यायला मी गेलोच कशाला, तर आक्कासाठी.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण चतुराबाई. परतूरच्या पुढं आष्टीला दिलेली. मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो तेव्हा ती पहाटे जात्यावर बसायची आणि मी तिच्या मांडीला टेकून अर्धा झोपेत. पीठ जसं जात्याच्या कडेनं झरायचं तशी तिच्या तोंडून ओवी झरायची. आमच्या गावात तेव्हा मोटार दिसायची वर्षाकाठी एकदा, तीही कुणा साहेबाची. पण आक्कानं तिला धरून आणलं आणि मला तिच्यात बसवलं:

येशीतून येती मोटार भरधाव
आत माझा बंधुराव, मागं पळं सारा गाव

मी तिला विचारलं होतं, गाव मागं का पळतो? तर म्हणाली, पाहायला पळतो रे, दुसरं काय.

पुढं तिचं लग्न झालं. जातं गेलं, गिरणी आली. मी मोठा झालो, मुराळी होऊन तिला माहेरी न्यायला दरवर्षी आष्टीला जाऊ लागलो. तेहतीस वर्षं एस.टी.नं गेलो. स्टँडवर उतरायचं, धुळीतून चालत तिच्या घरी जायचं, तिची ट्रंक डोक्यावर घेऊन परत स्टँडवर यायचं. ती मला कधी काही बोलली नाही. पण आष्टीच्या बायकांना दरवर्षी सांगायची, पुढच्या सालापासून माझा भाऊ मोटारीनं येणार हाये. हे मला तिच्या जावेकडून कळलं. त्या जावेचा भाऊ दोन वर्षांमागं जीप घेऊन आला होता आणि वेशीपासून घरापर्यंत हॉर्न वाजवत गेला होता.

म्हणून यंदा, दोन हजार एक सालच्या श्रावणात मी गाडी घेतली, आणि आठच दिवसांत आक्काचा फोन आला. "पोळ्याच्या दिशीच ये," ती म्हणाली. "सांजच्याला बैलं येशीत आसत्यात. सारा गाव तिथंच आसतो. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांसाठी निघू." मग थोडं थांबून तिनं विचारलं, "गाडी चांगली हाये ना रे?"

या एका प्रश्नानं माझी झोप गेली. गाडी चांगली आहे की नाही, हे गाडीवाल्याला कसं कळतं? ती चालत होती. पण चालणं म्हणजे चांगलं असणं नव्हे, हे मी स्वतःवरून ओळखून होतो. म्हणून गजानन, म्हणून यादी.

विचार करून सांगतो, असं म्हणून यादी घरी आणली. ही दुसरी चूक. मध्यमवर्गीय घरात एखादा कागद टीपॉयवर ठेवला की तो गल्लीचा होतो.

पहिले आले शेजारचे देवानंद. ते विम्याचे एजंट. त्यांच्याकडं गाडी नाही, पण इतरांच्या अपघातांचा अभ्यास दांडगा. त्यांनी यादी हातात घेतली आणि खालून वर वाचायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, यादीत वर वर खरी गरज असते आणि खाली खाली दुकानदाराचं पोट. पॉलिसीचंही तसंच असतं, असंही ते ओघात बोलून गेले आणि मग एकदम गप्प झाले, कारण माझ्या तीन पॉलिसी त्यांच्याकडंच आहेत. त्यांनी हिरव्या पेनानं उंदीर आणि बॅटरी दोन्ही खोडले.

नंतर आले भुजंगराव. जिनिंगच्या ट्रकवर त्यांनी हयात घालवलेली. मला वाटलं, हा खरा जाणता. त्यांनी प्रत्येक कामापुढं बरोबरची खूण केली. मी घाबरून विचारलं, म्हणजे सगळीच करायची? तर म्हणाले, छे, खूण म्हणजे वाचलं म्हणून. करायचं बिलकुल काही नाही. ऑइल, पाणी, हवा, बस.

"आन बॅटरी?" मी विचारलं.

"सर, बॅटरी ही काय चीज न्हाई. उतार पाहून गाडी उभी करायची. उतार आसला की बॅटरी कशाला पाह्यजे? तीस वर्षं उतारावर काढली म्या."

त्यांच्या आवाजात असा काही विसावा होता की बॅटरी ही सपाट मुलखातल्या लोकांची खोड आहे असं मला वाटू लागलं.

विमलचं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं मत सगळ्यात सरळ होतं. तिनं चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, वन्सं कुठं बसणार आहेत? सीटवर की इंजिनावर? मग सीटची धुलाई आधी. डॉक्टरांच्या गाडीत औषधाचा वास येतो. आणि बाहेरून ती चमकायला हवी, कारण आष्टीच्या बायका बाहेरूनच बघणार आहेत.

एवढं झाल्यावर यादीवर निळ्या, काळ्या आणि हिरव्या शाईच्या इतक्या खुणा झाल्या की खाली मूळ काय छापलंय ते वाचता येईना. जुन्या हस्तलिखिताची पाठशुद्धी मी केलेली आहे, पण तिथं निदान मूळ कवी एकच असतो. शेवटी मी मनातल्या मनात आक्काला गाडीभोवती फिरवलं. तिला काय दिसेल? रंग दिसेल, सीट दिसेल, मागून येणारा धूर दिसेल. तिला वास येईल. बस्स, ठरलं. बॉडी कोटिंग, सीटची धुलाई, सायलेन्सरला रंग, आत अत्तराची डबी. इंजिन फ्लशिंगही घेतलं, कारण न घ्यायचं धाडस झालं नाही.

गजाननने लिहून घेतलं. मग पेन थांबलं. "सर, बॅटरी?"

"नको."

"सर, चार वर्षं झालीत. मी मीटर लावून पाह्यलंय, ती—"

"गजानन," मी म्हणालो, "विषय भरकटतोय."

वर्ग शांत व्हावा तसा तो शांत झाला. बरं सर, म्हणाला आणि तेराव्या ओळीवर त्यानं हळूच रेघ मारली. ती रेघ मारताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा आदर वाटलं.

गाडी घरी आली ती नवरीसारखी. कोटिंग असं की पुढून जाणारी शेळीसुद्धा थांबून स्वतःला न्याहाळायची. पण सीट ओल्या. श्रावणाचं आभाळ दिवसातून चारदा भरून यायचं, मधे उन्हाचा एक तुकडा सांडायचा आणि कुणी बोलावल्यासारखा निघून जायचा. त्या तुकड्यांत सीट वाळेनात. विमल म्हणाली, दारं उघडी ठेवा, वारं लागेल. तीन दिवस मी गाडीची चारही दारं उघडी ठेवली. आत छताला एक छोटा दिवा होता, तो तिन्ही दिवस मंद जळत होता. पहिल्या दिवशी चांगला पिवळा, दुसऱ्या दिवशी मधासारखा, तिसऱ्या दिवशी केशराच्या काडीएवढा. ओसरीत बसून मी त्याच्याकडं बघायचो आणि मला देवघरातल्या समईसारखं प्रसन्न वाटायचं. तो दिवा कशावर जळतो, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. समई बघताना तेलाचा हिशेब कोण करतो?

पोळ्याच्या दिवशी दुपारी गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की आतून कुणीतरी जीभ टाळूला लावून सोडल्यासारखा 'टक' असा आवाज यायचा. विमलनं माझ्याकडं न बघता आभाळाकडं बघितलं. तेवढ्यात भुजंगराव धावत आले. त्यांनी गल्लीचा उतार दाखवला, दोन पोरांना मागं लावलं, मला क्लच कधी सोडायचा ते ओरडून सांगितलं, आणि गाडी खोकून चालू झाली. "पाह्यलं?" ते खिडकीत तोंड घालून म्हणाले. "लागली का बॅटरी?" मला कबूल करावं लागलं की लागली नाही. विमलला पूजेच्या तयारीसाठी घरी राहायचं होतं. मी एकटा निघालो.

वाटूर फाटा आला, परतूर मागं पडलं. दोन्ही अंगाला कपाशी गुडघ्याएवढी, पावसानं धुतलेली. गाड्या नाहीत, औतं नाहीत. शेतंच्या शेतं रिकामी, जणू सगळ्या रानानं आज सुट्टी टाकलेली. फक्त ओढ्याकाठी कुठं कुठं बैल धुताना दिसायचे, आणि पाण्यावर शिंगं रंगवायच्या हिंगुळाचा लाल तवंग. मी सीटच्या ओलाव्यावर बसलो होतो, नाकात अत्तर होतं, आणि ओठांवर ती ओवी फिरत होती. भरधाव, भरधाव. तेहतीस वर्षांची ट्रंक डोक्यावरून उतरत होती.

आष्टीच्या वेशीशी पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि आक्कानं सांगितलं होतं तसंच सारं होतं. सारा गाव तिथं. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं आणि त्याच्या अलीकडं बैलांची रांग. रंगवलेली शिंगं, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. मानाचा बैल काकासाहेब पाटलांचा. तो तोरणाखालून गेल्याशिवाय वेशीतून आत कुणी जायचं नाही, ही तिथली रीत. मीही रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढं एक खिल्लारी जोडी होती. त्यातल्या एकानं मान वळवली, आणि माझ्या दारावर, त्या कोटिंगमध्ये, त्याला स्वतःची लाल शिंगं दिसली. तो फुरफुरला. दुसऱ्यानं पाहिलं. मग तिसऱ्यानं.

काकासाहेब पाटील चालत माझ्या खिडकीशी आले. मोठा अदबीचा माणूस.

"पाव्हनं, मशीन बंद करता का जरा? बैलं बुजून राह्यलीत."

मी बंद केली. पाटलांना नाही कोण म्हणतं? आणि चमकही बंद करता आली असती तर तीही केली असती.

हलगी वाजली, तोरण तुटलं, मानाचा बैल आत गेला. मागून एकेक जोडी घुंगरांच्या ओढीनं वेशीत वाहून गेली. माझी पाळी आली. किल्ली फिरवली. टक.

मी इकडंतिकडं पाहिलं. वेशीपुढचं मैदान परातीसारखं सपाट. भुजंगराव, उतार कुठं आहे?

दहा माणसं जमली. बॉनेट उघडलं गेलं. एकानं पेट्रोल संपलं असेल म्हटलं, एकानं नजर लागली असेल म्हटलं, एकानं सगळ्या वायरी मोजल्या. मागून एक जवान पोरगा म्हणाला, बैल जुंपा पुढं, ओढत्याल. सगळे त्याच्याकडं असे वळले की तो कुणाच्या तरी पाठीमागं गेला. पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपायचं? "आज बैलाच्या खांद्यावर दोराबी चढत न्हाई, बाबा," काकासाहेब मला समजावून म्हणाले, जणू ते मीच सुचवलं होतं.

तेवढ्यात आमचे दाजी, रखमाजी, आपली जोडी पोराच्या हाती देऊन आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, जसे बाजारात बैलाभोवती मारतात. मग मला विचारलं, काय काय करून आणलं हिला? मी सांगितलं. कोटिंग, सीट, सायलेन्सरचा रंग, अत्तर.

"म्हंजी शिंगं रंगवली," दाजी म्हणाले.

मग त्यांनी वेशीतून आत जाणाऱ्या आपल्या जोडीकडं बोट केलं.

"काल सांजच्याला म्या खांदेमळणी केली. लोणी-हळद लावून खांदा चोळला. शिंगाचा रंग बैलाला कळतबी न्हाई, तो आपल्या डोळ्यासाठी. खांदा मळला न्हाई, तर मंग परवा तो जू घेणार न्हाई."

सव्वीस वर्षांच्या अध्यापनात मला इतकं स्वच्छ काही सांगता आलेलं नाही. मी भारावून विचारलं, "दाजी, मंग गाडीचा खांदा कोणता?"

"ते मला काय म्हाईत," दाजी म्हणाले. "मोटार तुमची हाये."

मग त्यांनी धोतर खोचलं आणि मागं जाऊन गाडीला हात लावला. दाजींनी हात लावल्यावर काकासाहेबांना उभं राहणं बरं दिसेना. काकासाहेबांनी लावल्यावर मग कोण मागं राहतो? हलगीवाले आले. बैल घरी पोचवून परतलेली पोरं आली. पन्नास, साठ, शंभर माणसं. गाडी हलली. मी स्टिअरिंग धरून आत बसलो होतो, आणि गोंधळात गिअर टाकायचा विसरून गेलो. त्यामुळं गाडी चालू होण्याचा प्रश्नच नव्हता. ती फक्त पुढं जात होती, आणि मागं गाव पळत होता, हसत, ओरडत, गुलाल उधळत. माझी मान खाली होती. मनात एकच, की आक्का दारात उभी असणार. तेहतीस वर्षं जिनं बायकांना सांगितलं, तिच्या दारात मी ढकलत आणलेला येतोय. यापेक्षा ट्रंक डोक्यावर बरी होती.

ती दारात उभी होती. हातात बैलांना ओवाळायचं ताट, शेजारी जाऊबाई, आजूबाजूला सगळी आळी. गाडी तिच्यापुढं येऊन थांबली. मी काच खाली केली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण आक्का माझ्याकडं बघतच नव्हती. ती माझ्या मागं बघत होती, धापा टाकणाऱ्या, गुलालानं माखलेल्या साऱ्या आष्टीकडं. काकासाहेब पाटलांचा पटका सुटलेला. ती बघत राहिली, आणि मग जात्यावरच्याच आवाजात, हळूच, पण आळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली:

"येशीतून येती मोटार भरधाव, आत माझा बंधुराव, मागं पळं सारा गाव."

मग जावेकडं वळून तिनं साधेपणानं विचारलं, "तुझा भाऊ जीप घिऊन आल्ता तव्हा मागं कोण व्हतं गं?"

जाऊबाईंनी थोडा विचार केला. "धुरळा," त्या म्हणाल्या.

आक्कानं चारही चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, आणि पुरणपोळीचा पहिला घास तिथंच, त्या महागड्या कोटिंगवर ठेवला. तुपाचा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी परतूरहून मेकॅनिक बोलावला. तो मोटारसायकलवर नवी बॅटरी बांधून आला. मी त्याला बॉनेट उघडून देणार, तोच आक्का नवं लुगडं नेसून बाहेर आली.

"ते काय हाये?"

"बॅटरी. ही बसवली की धक्का लागत न्हाई."

आक्कानं बॅटरीकडं पाहिलं, मग कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांकडं. काल ढकललेले बरेचसे आज पुन्हा आपणहून आले होते. "मंग ती मागं ठिव," ती म्हणाली. "आदी निघू. जालन्यात बसव."

मी तिला समजावलं. हीच गाडीचा खांदा असावी असं आता मला वाटू लागलंय, असंही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ओल्या सीटवर जाऊन बसली. मेकॅनिकनं माझ्याकडं कीव येऊन पाहिलं आणि बॅटरी डिकीत ठेवली. या वेळी मी गिअर टाकायला विसरलो नाही. गाव पळाला, इंजिननं धरलं, आणि आक्का खिडकीतून मागं वळून वेशीपर्यंत हात हलवत राहिली.

महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, गेल्या. आक्का अजून आमच्याकडंच आहे. रोज सकाळी अंगणात येऊन ती गाडीवरून हात फिरवते. काल गल्लीच्या उतारावरून गाडी चालू करून मी गजाननकडं गेलो, तीच यादी घेऊन. तिच्यावर आता मी एका अंगाला 'शिंगं' आणि एका अंगाला 'खांदा' असे दोन रकाने पाडले आहेत. इंजिन फ्लशिंग कुठं घालायचं ते कळत नाही. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगमधला फरक शेवटी विचारला. गजाननने पंधरा मिनिटं समजावला. तो मला समजला आणि गाडीपाशी येईतो पुन्हा विसरला.

मी निघताना त्यानं डिकी उघडून पाहिली. नवीकोरी बॅटरी, जशीच्या तशी.

"सर, ही बसवायची का?"

सहा दिवसांनी आक्काला परत आष्टीला सोडायचं आहे. मी तेराव्या ओळीवर पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"थांब," मी म्हणालो. "आक्काला विचारून सांगतो."